उत्तरपूजा झाल्याशिवाय पेन ड्राइव्ह काढायचा नाही

आभाळ गडगडलं की माझी आई घरातल्या सगळ्या पिना काढते. पिन म्हणजे प्लग. आमच्या गोव्यातल्या पेडण्याकडे प्लगला प्लग म्हणणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. आधी फ्रीज, मग टीव्ही, मग मिक्सर, मग इन्व्हर्टर नसतानाही इन्व्हर्टरसाठी करून ठेवलेला बोर्ड. इस्त्री तर कधी लावून ठेवलेलीच नसते, तरी तिच्याकडे एकदा बघून घेते. एवढं झालं की मागच्या दारात उभी राहून शेजारणीला हाक मारते, "काढलंस गो?" पलीकडून उत्तर येतं, "काढलंय गो!" मगच ती खाली बसते.

यात हसण्यासारखं काही नाही. चोपडे गावाच्या वरच्या अंगाला आमचं घर, नदी खाली, माड डोक्यावर. एका गडगडाटात शेजाऱ्यांचा टीव्ही आणि त्यांच्या अंगणातला माड एकदमच गेला होता. तेव्हापासून सगळी वाडीच पिना काढते. पण आई सगळ्यांत चोख.

माझी नोकरी लागल्यावर घरात कॉम्प्युटर आला. जुनाच, कोणाचा तरी वापरलेला, पण मोठा, टेबलावर ठेवायचा. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली आणि टेबलावर पुस्तकं सोडून दुसरं काही ठेवून त्यासमोर काम करणारीही मीच पहिली. हे मी लाजत सांगत नाही. वडील डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवायचे, आई लोकांच्या शेतात लावणीला आणि काजूच्या हंगामात बागेत जायची. त्यांच्या मुलीने कॉलेजात जाऊन पदवी आणली, शाळेच्या ऑफिसात खुर्ची मिळवली. अभिमान वाटणार नाही तर काय!

कॉम्प्युटर आला त्या दिवशी मी आईला एकच गोष्ट पढवली. "आये, गडगडला तरी हेची पिन अशी ओढून काढूची नाय. हेका आधी झोपवूचा लागता, मगे पिन." आईने मान हलवली. तिला ते लगेच पटलं. झोपलेल्याला उठवायचं नाही आणि जागत्याला ढकलायचं नाही, असं काहीतरी तिने मनाशी लावून घेतलं असावं. त्यानंतर गडगडलं की ती मला शाळेत फोन करायची, "मोठ्याक झोपवूचा आसा गो, खंयचा बटण ता?" मी फोनवरून सांगायची आणि ती झोपवायची.

आता वडिलांचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांच्या आवाजाची आहे.

बाबांचा आवाज मोठा. टिपरच्या इंजिनावरून ऐकू जाईल असा कमावलेला. आमच्या वाडीत चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरोघर आरत्या म्हणत फिरणारी जी भजनी मंडळी आहे, तिच्यात पुढचा आवाज त्यांचाच. आणि गाऱ्हाणं घालायचं झालं की लोक त्यांच्याकडे बघायचे. देवापुढे नारळ धरून घरातल्या प्रत्येकाचं सुखदुःख मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हे काम सगळ्यांना जमत नाही. बाबा ते असं करायचे की ज्याचं गाऱ्हाणं त्यालाच रडू यायचं.

त्यांच्या गळ्याला गाठ झाली. मोठ्या इस्पितळात डॉक्टरनी सरळ सांगितलं, माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "माणूस वाचता ना? मगे काय ता करा."

ऑपरेशनला थोडा अवधी होता. मी त्या अवधीत रोज संध्याकाळी शाळेतून आले की त्यांना बाहेरच्या सोप्यावर, म्हणजे दारापुढच्या सिमेंटच्या बाकावर, बसवायची आणि फोन पुढे धरायची.

"काय बोलू गो?"

"काय पण बोला."

"काय पण बोलूक मी काय रेडियो आसंय?"

पण बोलले. पहिल्या दिवशी देवाला ऐकवल्यासारखे ताठ बसून भजन म्हणाले. मग हळूहळू सैल झाले. खाणीवरच्या चढणीला भरलेला टिपर मागे कसा घ्यायचा ते सांगितलं. कोणत्या वळणावर कोणत्या ड्रायव्हरची तारांबळ उडाली ते नकला करून सांगितलं. लाल मातीने माखून घरी आल्यावर मी लहानपणी त्यांना ओळखलं नाही आणि घाबरून आईमागे लपले, तेही सांगितलं. एक दिवस पूर्ण गाऱ्हाणं घातलं, आमच्या घराचं, सगळ्यांसाठी. मध्येमध्ये "व्हय म्हाराजा"ला जागा सोडून.

माझा फोन लहान. लगेच भरायचा. म्हणून रोजचं रेकॉर्डिंग रोज कॉम्प्युटरवर उतरवायची आणि फोन रिकामा करायची. असा बाबांचा सगळा आवाज त्या टेबलावरच्या पेटीत गेला आणि फक्त तिच्यातच राहिला.

ऑपरेशन झालं. बाबा वाचले. आवाज गेला.

घरी आल्यावर मी त्यांना शाळेतली पाटी आणून दिली, काळी, लाकडी चौकटीची. आणि एक मजा झाली. बाबा गावच्या मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेले. बोलायची भाषा आमची इथली, अर्धी कोकणी, पण लिहायचं म्हटलं की हाताला शाळेतलंच मराठी येतं. त्यामुळे आवाज गेल्यापासून आमचे बाबा घरात शुद्ध मराठीत वावरू लागले. "मीठ कमी आहे." "शेजारी व्यर्थ बडबड करतो." आई वैतागून म्हणायची, "ह्यो बामण खंयचो हाडलंस गो माझ्या घरात?" हाडलंस म्हणजे आणलास. बाबा पाटीवर लिहायचे, "मी तोच आहे."

हे लिहून झालं की ते पाटी पुसायचे आणि मला वाटायचं, आता आपण ते सगळं रेकॉर्डिंग नीट ठेवायलाच हवं.

मे महिना उजाडला. कॉम्प्युटर रडायला लागला. आत कसलीशी करकर, फाइल उघडायला वेळ, आणि वरती डिस्क भरल्याची लाल पट्टी. चुलत बहिणीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ त्यातच पडून होता. मी शाळेतून येताना नवा पेन ड्राइव्ह आणला. बाबांचा आवाज त्याच्यावर चढवायचा, एक प्रत भजनी मंडळीला द्यायची, असा बेत.

पेन ड्राइव्ह मशीनच्या पुढच्या खोबणीत लावला. बाबांचं अख्खं फोल्डर निवडलं. मनात होतं, डिस्क भरलीय, हलवूनच टाकावं, म्हणजे जागाही होईल. यादी उघडली, तिच्यात कॉपी आणि कट एकाखाली एक. त्याच वेळी रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजला. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. तो आमच्या वळणावर थांबत नाही, जो धावेल त्याला पाव. मी बटण दाबलं, फोल्डर पेन ड्राइव्हवर सोडलं, पट्टी सरकायला लागलेली पाहिली आणि पिशवी घेऊन पळाले.

उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, गरम होते. पोदेराशी दोन शब्द बोलले. परत वळले तोच पेडण्याच्या बाजूने आभाळ गडगडलं. पाऊस नाही, काही नाही, नुसता कोरडा गडगडाट, मेमधला. आणि मी चढण चढून दारात येईपर्यंत आई पदराला हात पुसत उभी. तोंडावर काम चोख केल्याचं समाधान.

"इलंस? बरा झाला. सगळी पिना काढलंय मी."

"कॉम्प्युटराची?"

"तेका हात लावूक नाय हां. तू सांगलेलंस तसा. तेची ती फुडची बारकी पिन तेवडी काढलंय. दिवो लुकलुकत होतो तिचो, माका भय वाटला."

तिने मूठ उघडली. मुठीत पेन ड्राइव्ह.

मी त्याच्याकडे बघते आहे तोवर परत कडाडलं आणि वाडीची वीज गेली. आतला कॉम्प्युटर, ज्याला आईने हात लावला नव्हता, तोही कुणी न झोपवताच बंद पडला.

"आये," मी म्हटलं, "ती पिन नाय."

"मगे काय ता?"

"तेच्यात बाबांचो आवाज भरत होतो."

आईने मूठ परत मिटली. घट्ट. जणू आतून सांडेल.

"मी मदीच काढलंय? आता तो गेलो?"

"ठावक नाय. लायट येवंसर कळूचा नाय."

हे मी खरं सांगितलं. मला खरंच माहीत नव्हतं. कॉपी दाबली असेल तर पेन ड्राइव्ह बिघडला तरी मूळ आवाज मशीनमध्ये शाबूत. कट दाबलं असेल तर एकेक फाइल तिकडे पोचल्यावर इकडून पुसली गेलेली असणार, आणि तिकडचं सगळं आईच्या मुठीत, अर्धवट. मी उंड्यांची पिशवी हातात धरून आठवत राहिले. भोंगा आठवत होता. पिशवी कुठे होती तेही आठवत होतं. बोट कुठे होतं ते काही केल्या आठवेना.

आई तशीच सोप्यावर गेली. बाबा तिथे बसले होते, पाटी मांडीवर, आभाळ बघत. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने सांगून टाकलं.

"ओ, आयकलात? मी तुमचो आवाज उपटून काढलंय."

बाबांना आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं, पेन ड्राइव्ह काय, पट्टी काय, दिवा लुकलुकत असताना तो का काढायचा नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग पाटी घेतली, वळणदार अक्षरात लिहिलं आणि आईकडे फिरवली. आईला अक्षर जेमतेम लागतं, म्हणून मीच वाचलं:

"उत्तरपूजा न करता गणपती उचललास."

आमच्याकडे चवथीचा गणपती उत्तरपूजा झाल्याशिवाय कोणी हलवत नाही. पूजा होते, मग घरातला कर्ता मूर्तीला हात लावून जागेवरच जराशी सरकवतो. तेवढ्या सरकवण्याने देव गेला, आता मूर्ती उचलायला हरकत नाही. आईने आयुष्यात हा नेम मोडलेला नाही. तिचा चेहरा एवढासा झाला.

"माझो जीव वर-खाली होता आणि हे दात दाखवतत," ती मला म्हणाली. आणि मग रडायला लागली. मोठ्याने नाही. मुठीतला पेन ड्राइव्ह छातीशी धरून.

बाबांनी पाटी पुसली. परत लिहिलं: "आवाज माझा. रडायचा मान माझा." देवळातल्या मानकऱ्यासारखं. मी वाचून दाखवलं आणि आई हसली. रडता रडता हसली. मग आम्ही तिघंही वीज यायची वाट बघत बसलो. बाबांनी उंडा मोडून आईच्या हातात दिला. एक हात मिटलेलाच होता तिचा, दुसऱ्या हाताने खाल्ला.

त्या वेळी मला आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या मॅडम आठवल्या. फोंड्याकडून यायच्या. बी.ए.च्या मुलांना कॉम्प्युटरचा एक पेपर होता, त्याला कोणी मनावर घेत नसे. आम्ही बरीचशी मुलं पेडणे-डिचोलीच्या आतल्या गावांतली, घरात कॉम्प्युटर नसलेली. मॅडमनी तेच धरून शिकवलं. तासाला सगळे संगणक तसे साधेच, पण शिस्त परीक्षेसारखी. फाइल पेन ड्राइव्हवर घालून झाली की पडद्यावर 'सुरक्षित बाहेर काढा' दाबायचं, आणि 'आता काढू शकता' असं येईपर्यंत हात मांडीवर. कोणी पट्टी भरली म्हणून ओढायला गेलं की मॅडम मागून म्हणायच्या, "पट्टी भरली म्हणजे तो 'ऐकलं' म्हणतोय. 'लिहिलं' असं अजून म्हणाला नाही." मग काढलेला पेन ड्राइव्ह शेजारच्या मशीनला लावून, फाइल उघडून, शेवटपर्यंत बघायची. आणि कट? कट हा शब्द त्यांनी आमच्या वर्गात राहूच दिला नाही. "हलवायचं असलं तरी आधी कॉपी. तिकडे पोचलं ते डोळ्यांनी बघा. मग इकडचं पुसा. घर बदलताना जुन्या घराला आग लावून निघता काय?" आम्ही हसायचो. पण प्रत्येक तासाला, प्रत्येकाकडून, तेच. कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आल्यानंतरही.

अंधार पडायच्या बेताला वीज आली. शेजारून हाक आली, "घाल गो पिना!" आई उठली नाही. मीच एक पिन घातली, कॉम्प्युटरची.

मशीन नेहमीपेक्षा हळू सुरू झालं. करकरलं. माझी मूळ फोल्डर उघडायची हिंमत होईना. म्हणून आधी आईची मूठ सोडवून पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर आलं, हा वाचता येत नाही, फॉरमॅट करायचा का? आईला वाचता आलं नाही, पण माझं तोंड तिने वाचलं.

"गेलो?"

"हयसून गेलो," मी म्हटलं. इथला गेला.

मग फोल्डर उघडलं.

सगळं होतं. भजन होतं, टिपर होता, गाऱ्हाणं होतं. एकेक नाव खालीपर्यंत बघितलं. माझ्या मनात हलवायचं होतं, पोदेराकडे लक्ष होतं, आणि तरीही बोटाने कॉपीच दाबलं होतं. बोटाला मॅडमनी शिकवलेलं होतं, मला नव्हे, असं म्हणायला हरकत नाही.

"आसा, आये," मी म्हटलं. "सगळो आसा."

तिचा विश्वास बसेना. "आयकव."

मी हाताला आलं ते लावलं. ते नेमकं असं होतं की जे मी मुद्दाम रेकॉर्ड केलंच नव्हतं. एका संध्याकाळी बाबांचं बोलून झालं, मी फोन बंद करायला विसरले आणि त्यांनी आत हाक मारली होती. ती हाक आता कॉम्प्युटरमधून आली, खणखणीत, घरभर:

"अगो! च्या हाड गो!"

आणि आई उठली. विचार न करता, पदर खोचत, तरातरा स्वयंपाकघराकडे गेली. चुलीवर भांडं ठेवल्याचाही आवाज आला. मग एकदम शांत झालं. दारातून तिने डोकं बाहेर काढलं, आधी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग सोप्यावर बसलेल्या माणसाकडे. सोप्यावरचा माणूस हसून हसून वाकला होता, आवाजाशिवाय, पाटी मांडीवरून खाली पडलेली.

"आता सांगलात तर करतंय," आई म्हणाली. चहा केलाच तिने. गुळाचा, बाबांना आवडतो तसा पातळ.

चहा पिऊन झाल्यावर मी मॅडमना फोन केला. किती वर्षांनी! सगळं सांगितलं, आभार मानले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. दुसरी प्रत कुठे आहे?" मी म्हटलं, अजून नाही. "मग आभार नंतर मान," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नवीन पेन ड्राइव्ह आणला. आणला म्हणजे एक नव्हे. या वेळी आईला शेजारी खुर्ची घालून बसवलं. कॉपी. पट्टी भरली. आईचा हात पुढे गेला आणि स्वतःच थांबला. "उत्तरपूजा?" तिने विचारलं. मी माउस तिच्या हातात दिला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. तिने दाबलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, पट्टी भरून बराच वेळ झाला तरी. आई त्याच्याकडे अशी बघत होती, जशी नैवेद्य दाखवल्यावर पानाकडे बघते. मग 'आता काढू शकता' आलं. तिने पेन ड्राइव्हला दोन बोटं लावली, आधी किंचित हलवला, मग काढला. तसं हलवायची गरज नसते, हे तिला सांगायची मला काय गरज?

एक प्रत आमच्या घरात, एक डिचोलीला मावशीच्या कपाटात लुगड्यांच्या घडीत, आणि एक मंडळीसाठी. मावशीला बजावलंय, गडगडलं तरी कपाट उघडू नको. मॅडमना परत फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मान आभार." मी मानले.

मग चवथ आली. मंडळी आरत्या म्हणत आमच्या घरी पोचली. गणपतीसमोर बाबा उभे राहिले, हातात नारळ. स्पीकरला पेन ड्राइव्ह लावला होता. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मी बटण दाबलं, आणि त्यांचंच गाऱ्हाणं सुरू झालं. ऑपरेशनआधी सोप्यावर बसून "व्हय म्हाराजा"ला ज्या जागा त्यांनी सोडून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या जागा अख्ख्या मंडळीने भरल्या. बाबांचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. आई माझ्या शेजारी होती, आणि सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" तीच म्हणत होती.

गाऱ्हाणं संपलं, बाबांनी नारळ ठेवला, आरतीचं ताट फिरलं. आई स्पीकरजवळ गेली. बाहेर पावसाळी आभाळ कुठेतरी दूर गुरगुरत होतं. तिने आभाळाकडे बघितलं, मग पेन ड्राइव्हच्या लुकलुकत्या दिव्याकडे, मग माझ्याकडे.

"बंद कर आधी," ती म्हणाली. "मगे मी काढतंय."